लोणारचा खार आणि त्याचा बाजार

परभणीहून मनमाडकडे जाताना लागणारे पेडगाव हे काळ्या जमिनीतले स्टेशन. या पट्ट्यात विहीर खणायला घेतली की काळी माती संपता संपता चुनखडीचे पांढरे खडे लागू लागतात. बोअरचे पाणी बंबात तापवत राहिले, की आतून पांढरा थर धरतो आणि तो छिन्नीने खरवडून काढावा लागतो. पाण्यात शार आहे, एवढे म्हणून लोक सोडून देतात. पण इथून सरळ रेषेत पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर, याच काळ्या दगडात आणि याच पावसावर जगणारे एक तळे किमान तीनशे वर्षे वेगळाच खार विकत होते. त्या खारावर बांगड्यांची काच होत असे, साबण होत असे, कापड रंगवले जात असे. ते तळे म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार.

बंबातला पांढरा थर आणि लोणारचा सोडा एकाच खडकातून येतात. त्यांचे नशीब वेगळे होते ते एका गोष्टीने: पाण्यात कोण किती विरघळतो. लोणारच्या व्यापाराचा जन्मही त्यातूनच झाला आणि, पुढे दिसेल, अंतही.

आधी तळ्याचे सांगितले पाहिजे. बेसॉल्ट खडकावर आदळलेल्या अशनीने तिथे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, दीडशे मीटरच्या आसपास खोलीचे विवर पाडले. हे कधी झाले यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. काही हजार वर्षे की काही लाख वर्षे, हा वाद आपण त्यांच्याकडेच सोडू. आपल्या कामाची गोष्ट इतकीच, की या विवरात पाणी यायला वाटा आहेत आणि बाहेर जायला एकही नाही. काठावरचे झरे, विशेषतः बारमाही वाहणारी धार, आणि पावसाळी ओढे आत उतरतात. परतीचा रस्ता एकच, वाफ होऊन.

विवराच्या बाहेर पडलेला पाऊस मात्र ओढ्यांनी पूर्णेला मिळतो, येलदरीच्या धरणात साठतो, परभणी जिल्ह्यातून गोदावरीला आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो. त्याही पाण्यात बेसॉल्टमधून सुटलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असते, पण इतके थोडे की जिभेला कळत नाही. ते वाहून जाते म्हणून कळत नाही. लोणारच्या आत ते साचत राहिले.

आणि साचता साचता पाण्याने त्यांची निवड केली. एक लिटर शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडी, जेमतेम 15 मिलिग्रॅम विरघळते. सोडियम कार्बोनेट, म्हणजे सोडा, 20 अंश तापमानाला सुमारे 215 ग्रॅम विरघळतो. मीठ सुमारे 360 ग्रॅम. कुठे मिलिग्रॅम आणि कुठे ग्रॅम! कारण विजेच्या भाराचे आहे. या सगळ्या पदार्थांत धन आणि ऋण भाराचे कण, म्हणजे आयन, एकमेकांना धरून बसलेले असतात. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. ते रेणू आयनांभोवती गोळा होऊन त्यांना ओढून काढू पाहतात. मिठातल्या सोडियम आणि क्लोराइडवर एकेकच भार असतो, त्यांची पकड पाण्याला सोडवता येते. कॅल्शियम आणि कार्बोनेट या दोघांवर दुप्पट भार, त्यांची मिठी सुटता सुटत नाही.

मग चुनखडी पाण्यात येते कशी? मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की कार्बोनेटचे बायकार्बोनेट होते, आणि त्या रूपात कॅल्शियम पाण्याबरोबर वाहू शकते. पाणी तापले किंवा आटले, वायू निघून गेला, की चुनखडी परत खाली बसते. परभणीच्या बंबात हेच होते, काळ्या मातीच्या खालच्या थरात हेच होते आणि लोणारच्या तळाशीही हेच झाले. तळ्यात येणाऱ्या पाण्यातले कॅल्शियम आणि बरेचसे मॅग्नेशियम आधीच गाळात जाऊन बसले. पण या पाण्यात बायकार्बोनेट इतके जास्त होते, की कॅल्शियम संपल्यावरही ते उरले. उरलेल्याची जोडी सोडियमशी लागली. म्हणून लोणारचे पाणी समुद्रासारखे नुसते खारट नाही, ते साबणासारखे बुळबुळीत, जोरकस अल्कधर्मी आहे; सामू दहाच्या आसपास जातो. मीठही त्यात आहेच. मीठ आणि सोडा दोन्ही विरघळलेले, दोन्ही आटण्याची वाट पाहणारे. बाजाराची सगळी कला त्यांना वेगळे करण्यात होती.

या खाराची लिखित नोंद अकबराच्या काळापर्यंत मागे जाते. 1596 मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आले. त्याच दशकात अबुल फजल ‘ऐन-ए-अकबरी’ तयार करत होता. वऱ्हाडच्या सुभ्याचे वर्णन करताना त्याने लोणारच्या डोंगरात काच आणि साबण यांना लागणारी सामग्री निघते आणि तिथल्या उत्पन्नातून सरकारला चांगला महसूल मिळतो, असे नोंदवले आहे. खारट पाण्याशेजारीच गोडे पाणी आहे, हेही त्याच्या टिपणात सुटलेले नाही. कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर, एकीकडे गोडी आणि एकीकडे खारी, ही आजही लोणारला गेलेल्या माणसाला आधी दाखवतात. लोकांनी खाऱ्या पाण्याचे स्पष्टीकरण आपल्या परीने दिलेलेच होते: विष्णूने लवणासुराचा वध केला ती ही जागा. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्या कथेची साक्ष म्हणून उभे आहे. आस्थेचा आणि महसुलाचा, दोन्ही हिशेब तिथे शेजारी शेजारी चालत आले.

मोगलांनंतर हा मुलूख निजामाच्या ताब्यात गेला. लोणारपासून फार लांब नसलेल्या साखरखेर्ड्याला 1724 मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमधली आपली सत्ता पक्की केली. राजे बदलले, तळ्याचे वेळापत्रक बदलले नाही. पावसाळ्यात पाणी चढायचे, उन्हाळ्यात उतरायचे, आणि उतरलेल्या काठावर माणसे खार काढायला यायची.

1823 मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारला भेट दिली आणि युरोपीय विद्वानांच्या जगात तळ्याचा प्रवेश झाला. त्यानंतर डॉक्टर, भूगर्भशास्त्रज्ञ, महसूल अधिकारी यांची रीघ लागली. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात दिले, तेव्हा लोणारही तिकडे गेले, आणि पेडगाव-परभणी निजामाकडेच राहिले. 1870 मध्ये ए. सी. लायल यांनी संपादित केलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरमध्ये लोणारला जागा मिळाली. एकोणिसाव्या शतकातल्या या लिखाणांत खाराच्या प्रतींची नावे पुन्हा पुन्हा येतात: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. साहेबांनी ती आपल्या कानाला जशी ऐकू आली तशी रोमन लिपीत उतरवली, पण नावे तिथल्या माणसांची.

या नावांकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. दल्ला म्हणजे सगळ्यात चोख माल, पाण्याखाली गाळात धरलेले स्फटिकाचे गड्डे. उन्हाळ्यात पाणी आटून गुडघ्याखाली आले की माणसे आत उतरत, चिखलात हाताने चाचपत आणि गड्डे उपसून काठावर सुकायला टाकत. रसायनाच्या भाषेत हा ट्रोना, म्हणजे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचा जोडक्षार. निमक दल्ल्यात नावाप्रमाणे मीठ मिसळलेले. खुप्पलही ढेकळांच्याच रूपातला. पापडी म्हणजे वाळलेल्या काठावर धरणारा पातळ पापुद्रा. भुस्की म्हणजे मातीवर फुलून येणारी हलकी, भुसभुशीत पूड, कमी किमतीची.

प्रतींची ही उतरंड विद्राव्यतेच्या नियमाप्रमाणे लागलेली आहे. पाणी आटत जाते तेव्हा आधी ट्रोना धरतो, कारण त्या पाण्यात तो मिठापेक्षा लवकर संपृक्त होतो. मीठ अजून द्रावणातच असते. म्हणजे पाणी शिल्लक असतानाच, पाण्याखालून काढलेला माल चोख. जिथे पाणी पुरते आटले, तिथे मीठही सोड्याच्या अंगावर येऊन बसले, माल भेसळीचा झाला. चुलीवरच्या पातेल्यातले पाणी पूर्ण आटू न देता गाळ काढून घेण्यासारखेच हे काम, फक्त पातेले सव्वा किलोमीटरचे आणि चूल वैशाखाची. चिखलात उतरून, कातडी सोलवटून घेत काम करणाऱ्या मजुराला हे कोणी शिकवले नव्हते. हाताला आणि जिभेला जे कळते तेवढ्यावर त्याने खडकाच्या रसायनाची प्रतवारी लावली होती. माझ्या मते लोणारच्या इतिहासातले खरे शास्त्रीय काम हेच, आणि ते करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कुठे लिहिलेले नाही.

तापमानाचाही हिशेब होता. मिठाला थंडी-उन्हाचे फारसे काही वाटत नाही: 100 मिलिलिटर पाण्यात शून्य अंशाला सुमारे 36 ग्रॅम, उकळत्या पाण्यात 39. सोड्याचे तसे नाही. शून्याला 7, वीस अंशाला 21 आणि पस्तिशीच्या आसपास जवळजवळ 50 ग्रॅम. ज्या पदार्थाची विद्राव्यता तापमानाबरोबर अशी झेप घेते, तो गरम पाण्यात विरघळवून थंड करून शुद्ध करता येतो. सोऱ्याच्या बाबतीत देशभरचे सोरा काढणारे हीच युक्ती वापरत. पांढरीची माती धुऊन, पाणी उकळून, निववून ते मिठातून सोरा वेगळा करत, कारण शून्य अंशाला 13 ग्रॅम विरघळणारा सोरा उकळत्या पाण्यात अडीचशेच्या जवळ जातो. तोफांची दारू या फरकावर चालत होती.

लोणारच्या धंद्यात एक कायमची अनिश्चितता मात्र होती, ती पावसाची. पाऊस जास्त झाला की तळे चढे, द्रावण पातळ होई आणि त्या वर्षी धरण्यासारखा खार मिळत नसे. बाजार मात्र दरवर्षी माल मागतो.

हा माल मागणाऱ्या बाजाराचेच रूप एकोणिसाव्या शतकात पालटले, आणि पालटले ते हजारो मैलांवर. सोड्याची भूक युरोपात लोणारच्या कितीतरी पटींनी मोठी होती. काच, साबण, कापड या तिन्ही उद्योगांना तो हवा. निकोला लेब्लाँ या फ्रेंच माणसाने 1791 मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. शेवटी भट्टीतून निघणारी काळी राख पाण्याने धुतली की सोडा पाण्यात येई, कॅल्शियम सल्फाइडचा गाळ मागे राही. पुढे बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे याने 1861 मध्ये त्याहून स्वस्त मार्ग काढला. संपृक्त मिठाच्या पाण्यात अमोनिया मुरवायचा, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. त्या द्रावणात जुळू शकणाऱ्या सगळ्या क्षारांत सोडियम बायकार्बोनेट सगळ्यात कमी विरघळणारे, म्हणून ते आपोआप खाली बसते. गाळायचे, भाजायचे, सोडा तयार. इंग्लंडमध्ये चेशायरच्या विनिंग्टनला ब्रुनर आणि माँड या जोडीने 1873 मध्ये याच पद्धतीची कंपनी काढली.

म्हणजे लोणारचा दल्ला मागे पडला तो विद्राव्यतेच्याच दुसऱ्या एका प्रयोगापुढे. तळ्याला जे करायला एक उन्हाळा लागे आणि जे एखाद्या ओल्या वर्षी करताच येत नसे, ते सॉल्व्हेच्या मनोऱ्यात रोज होऊ लागले. गंमत अशी, की या सगळ्यांमागचे कारण तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हते. पाण्यात विरघळलेला क्षार आयनांमध्ये सुटा होतो, हे स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश तरुणाने 1884 मध्ये आपल्या प्रबंधात मांडले, तेव्हा उप्साला विद्यापीठातल्या परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. त्याच कामाला 1903 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

कारखान्याचा सोडा वऱ्हाड-मराठवाड्यापर्यंत पोचायला रस्ता हवा होता, आणि तो याच काळात तयार झाला. 1860 च्या दशकात भुसावळहून अकोला-नागपूरकडे रेल्वे गेली. 1900 च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी असा सिकंदराबादला पोचला. पेडगावचे स्टेशन याच मार्गावरचे. मुंबईच्या गोदीत उतरलेला माल आता मराठवाड्याच्या मोंढ्यात रेल्वेने येऊ शकत होता. लोणारचा खार मात्र तळापासून विवराच्या काठावर डोक्यावरून आणि तिथून पुढे बैलगाडीने. लोणारला आजही रेल्वे नाही. नदीकाठच्या, रस्त्याकाठच्या जुन्या अनेक धंद्यांचे जे झाले, तेच इथे झाले: माल वाईट नव्हता, पण त्याचे वजन वाहून नेण्याचा खर्च मालाहून जड झाला.

1912 मध्ये भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या नियतकालिकात टी. एच. डी. ला टूश यांचा लोणारच्या भूरचनेवरचा लेख आला आणि त्यासोबत सर्वेक्षणाचे रसायनज्ञ डब्ल्यू. ए. के. क्रिस्टी यांचे तिथल्या सोड्यावरचे टिपण. नोंदींचा पट पाहिला तर इथे एक वळण दिसते. अबुल फजलला महसूल दिसला होता, क्रिस्टींना पृथक्करण दिसत होते. बाजाराची जिन्नस आता अभ्यासाची झाली होती. विवर अशनीचे की ज्वालामुखीचे, हा प्रश्न पुढे साठ वर्षे चालला. 1973 मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अशनीच्या आघाताचे पुरावे मांडले, तेव्हा तो बहुतेकांच्या लेखी मिटला.

स्वदेशीच्या लाटेत महाराष्ट्राने काचेचे कारखाने काढले, ही गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करणाऱ्या पैसाफंडाने 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काचकारखाना उभा केला. कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना 1916 चा. काच देशी झाली, तरी देशातल्या काचधंद्याला लागणारा सोडा बहुतांशी बोटीनेच येत राहिला. मग लोणारचा का नाही वापरला, असा प्रश्न वाचकाला पडेल. उत्तर आकारात आहे. आफ्रिकेत केनियातले मागाडी हे लोणारचेच भावंड, तिथेही ट्रोनाच धरतो. पण मागाडीचा विस्तार सुमारे 100 चौरस किलोमीटर, लोणारचे पाणी जेमतेम एक-सव्वा चौरस किलोमीटर. मागाडीवर 1911 मध्ये कंपनी निघाली आणि काही वर्षांतच तिच्यासाठी थेट तळ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. पूर्वेकडच्या ज्या बाजारपेठांत तो सोडा गेला, त्यात भारतही होता. लोणारच्या तळ्यासाठी कोणी लोहमार्ग टाकला नसता, आणि व्यापारी हिशेबाने पाहिले तर टाकू नये हेच शहाणपणाचे होते.

देशी सोड्याचा प्रश्न अखेर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुटला. कपिलराम वकील या रसायनतज्ज्ञाने ओख्याजवळ मिठाचे काम उभे केले, त्यातून 1939 मध्ये टाटा केमिकल्स निघाली आणि मिठापूरला सॉल्व्हेच्याच तत्त्वावर सोडा होऊ लागला. 2005 मध्ये त्याच टाटा केमिकल्सने ब्रुनर माँड विकत घेतली आणि तिच्याबरोबर मागाडीही टाटांकडे आली. ज्या कंपनीच्या पद्धतीपुढे लोणार मागे पडले, तिची मालकी अशी फिरून मुंबईत आली.

आज लोणारमधून खार काढून विकण्याचा प्रश्न उरलेला नाही. 2000 मध्ये तिथे अभयारण्य झाले, 2020 मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तळ्याचे नाव गेले. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी अचानक गुलाबी झाले आणि सगळ्या देशाने फोटो पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधले: पाणी घटून क्षारता वाढली, आणि अशा पाण्यात वाढणाऱ्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांनी आपला रंग दाखवला. दल्ला काढणाऱ्यांनी ते पाणी पाहून त्या वर्षी माल चांगला धरणार की नाही ते सांगितले असते. आता काळजी उलटी आहे. गावचे सांडपाणी आणि बाहेरचे गोडे पाणी आत वाढले तर द्रावण पातळ होईल, हजारो वर्षांत पाण्याने लावलेली क्षारांची घडी विस्कटेल आणि त्या पाण्यावर जगणारे जीवही जातील. सांडपाणी विवरात उतरू न देणे ही नगरपालिका आणि राज्य सरकार यांची साधी, टाळता न येणारी जबाबदारी आहे.

एक काम मात्र सरकारवर सोडण्यासारखे नाही. लोणारच्या खाराबद्दल जे लिहिले गेले ते दरबारी लेखकांनी, साहेबांनी आणि रसायनज्ञांनी. खार काढणाऱ्यांच्या, गाड्या हाकणाऱ्यांच्या, तो विकत घेणाऱ्या कासार-रंगाऱ्यांच्या बाजूने लिहिलेले फार थोडे आहे. लोणार, मेहकर, मंठा, जिंतूर, परभणी या टापूत ज्यांच्या घरी दल्ला किंवा पापडी हे शब्द अजून कुणाच्या तोंडी असतील, जुन्या वहीत त्याचा भाव किंवा माप लिहिलेले असेल, त्यांनी ते जपावे, त्याची नक्कल जवळच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागात द्यावी. वही नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्यावे.